विमानप्रवासात कॅमेऱ्याची ने-आण

एके काळी खेड्यात कॅमेरा दिसे तो लग्नाच्या मांडवात, नाहीतर एखाद्या मंत्रिमहोदयांच्या दौऱ्यात. आज ती स्थिती राहिलेली नाही. सत्तरी वा सांगे तालुक्यातील शिक्षक आपल्या परिसरातील वीरगळांची आणि मोडकळीस आलेल्या देवळांच्या लाकडी खांबांची छायाचित्रे काढून ठेवतो. कृषी खात्याचा अधिकारी काजूच्या कलमांवरील रोगाचे चित्रण घेऊन दिल्लीस प्रशिक्षणवर्गाला जातो. पेडण्याचा तरुण दशावताराच्या प्रयोगाचे मुद्रण करतो आणि ते दाखविण्यासाठी हैदराबाद, इंदूर वा बडोदे येथील मराठी मंडळींच्या आमंत्रणावरून प्रवास करतो. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळ दाबोळीच्या जोडीला सुरू झाला आणि उत्तर गोव्यास तसेच शेजारच्या सिंधुदुर्गास विमान अधिकच जवळ आले. ज्यांनी आजवर कॅमेरा मांडीवर ठेवून बसने वा आगगाडीने प्रवास केला, त्यांच्यापुढे आता एक नवाच प्रश्न उभा राहतो. तो असा की, हे नाजूक व मौल्यवान सामान आपल्याबरोबर आसनापाशी न्यावे, की तिकीट-खिडकीवर तोलून विमानाच्या पोटात पाठवावे?

कॅमेरा शासकीय असेल तर या प्रश्नास आणखी एक धार येते. कार्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत ज्याच्या सहीने कॅमेरा बाहेर पडला, त्यालाच तो परत जमा करावा लागतो. प्रवासात भिंगास तडा गेला तर चौकशी, पंचनामा, दुरुस्तीचे दरपत्रक आणि प्रसंगी वसुली हे सारे ओघाने येते. परंतु याहूनही मोठी हानी निराळीच असते. कॅमेरा पुन्हा विकत घेता येतो. आषाढातल्या एका रात्री वयोवृद्ध गायकाने गाइलेले आणि एकदाच मुद्रित झालेले गाणे पुन्हा मिळत नाही.

कॅमेरा विमानाच्या पोटात गेल्यावर काय होते, याचा अनुभव जगाने दोन वेळा सक्तीने घेतला. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी द्रव स्फोटकांच्या साहाय्याने विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आणला आणि त्या दिवसापासून ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानांत हातसामानास एकदम बंदी झाली. पारपत्र, पैशाचे पाकीट, चष्मा, आवश्यक औषधे, तान्ह्या मुलाचे अन्न अशा मोजक्या वस्तू पारदर्शक पिशवीत घालून नेण्याची तेवढी मुभा होती. कॅमेरे, भिंगे, संगणक, फार काय, संगीतकारांची वाद्येही खाली द्यावी लागली. ज्यांनी आयुष्यभर कॅमेरा खांद्यावरून उतरविला नव्हता, अशा व्यावसायिक छायाचित्रकारांजवळ तो खाली देण्यासाठी योग्य पेटीच नव्हती. त्यांच्या खांद्यावरच्या मऊ पिशव्या माणसाच्या हाती राहण्यासाठी शिवलेल्या होत्या, सरकत्या पट्ट्यावरून घरंगळण्यासाठी नव्हे. चार-पाच दिवसांनी बंदी सैल झाली, तरी आरंभी परवानगी मिळाली ती लहानशा पिशवीपुरतीच.

दुसरा प्रसंग २०१७ सालचा. त्या वर्षीच्या २१ मार्चला अमेरिकेने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील दहा विमानतळांवरून थेट अमेरिकेस येणाऱ्या विमानांसाठी असा आदेश काढला की, भ्रमणध्वनीपेक्षा मोठे कोणतेही विद्युत उपकरण प्रवाशाने आपल्याजवळ ठेवू नये. त्यात कॅमेरेही आले. दुबई, अबुधाबी, दोहा व कुवेत हे विमानतळ त्या यादीत होते. गोमंतकीय व महाराष्ट्रीय कुटुंबे अमेरिकेतील आप्तांकडे जाताना याच मार्गांनी जात असल्याने, घरून निघताना कॅमेरा हातात आणि दुबईहून पुढे तो पोटात, अशी त्यांची स्थिती झाली. काही विमान कंपन्यांनी विमानाच्या दारापाशी उपकरणे गोळा करून ती खोक्यांत भरून देण्याची व्यवस्था केली. जुलै २०१७ पर्यंत हे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले.

मात्र या दुसऱ्या प्रसंगाने एक विसंगती सर्वांच्या नजरेस आणून दिली. सुरक्षेसाठी म्हणून जी उपकरणे खाली पाठविली जात होती, त्यांच्यातील लिथियम बॅटऱ्या खाली पाठविणे हाच एक धोका होता. लिथियम-आयन बॅटरीत थोड्या जागेत पुष्कळ शक्ती साठविलेली असते. आत दोष निर्माण झाला, ती चेपली गेली किंवा तिच्या दोन टोकांमध्ये एखादी किल्ली वा नाणे आडवे पडले, तर ती तापू लागते. त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया अधिक वेगाने घडते, त्यामुळे उष्णता आणखी वाढते आणि अखेर ती पेट घेते. सामानकक्षात आग विझविण्यासाठी हॅलॉन वायू सोडण्याची योजना असते. तो ज्वाला दाबून टाकतो, परंतु बॅटरीच्या आत चाललेली ही साखळी तोडू शकत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१७ साली केलेल्या चाचण्यांपैकी एकीत, तापविलेल्या संगणकाच्या बॅटरीशेजारी केसांना लावावयाच्या द्रव्याचा फवारा-डबा ठेवला होता. मिनिटभराच्या आत त्याचा स्फोट झाला.

वरच्या कक्षात मात्र धूर दिसतो, माणसे धावून येतात आणि पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील किमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले एक प्रवासी विमान डोक्यावरच्या कप्प्यात लागलेल्या आगीने जळाले. आतील १७६ जण बाहेर पडू शकले, याचे कारण विमान जमिनीवर होते. विमानाचा पत्रा तेवढा कमानीसारखा जळून उघडा पडला. त्या आगीच्या मुळाशी प्रवाशाची साठवणूक-बॅटरी, म्हणजे पॉवर बँक, असावी असा निष्कर्ष तपासातून पुढे आला. बॅटरी वर आणली म्हणजे काम संपले असे नाही, ती डोळ्यांसमोर असावयास हवी, हा बोध त्यानंतर अनेक देशांच्या नियमांत उतरला.

यास्तव आजचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे: कॅमेऱ्यात न बसविलेली, सुटी लिथियम बॅटरी सामानकक्षात कदापि पाठवावयाची नाही, ती हातसामानातच न्यावयाची. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांस सामान्यतः वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांच्या सुट्या बॅटऱ्या दोनच, आणि त्याही विमान कंपनीची संमती घेऊन. १६० च्या वरची प्रवाशास नेताच येत नाही. हा आकडा बहुधा बॅटरीवर छापलेला असतो. नसल्यास तो काढणे पाचवीतल्या मुलासही जमेल. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. हातातील कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट व सुमारे २.१ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १५ वॅट-तास. चित्रीकरणाच्या मोठ्या कॅमेऱ्याची १४.४ व्होल्ट व ६.६ अँपिअर-तासांची वीट म्हणजे ९५, अर्थात मर्यादेच्या काठावरची. पॉवर बँकेवर २०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. ते २० अँपिअर-तास धरून ३.७ व्होल्टने गुणले की ७४ येतात. आकडा पुसून गेलेली बॅटरी सुरक्षा कर्मचाऱ्याने अडविली तर त्यास दोष देता येत नाही. प्रत्येक सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी किंवा ती प्लॅस्टिकच्या स्वतंत्र डबीत ठेवावी. फुगलेली वा एकदा पडून चेपलेली बॅटरी घरी ठेवलेलीच बरी.

येथे एका प्रसंगाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण नियम ठाऊक असलेली माणसेही त्यात चुकतात. बेळगावसारख्या शहरांच्या मार्गांवर एटीआर जातीची पंख्याची लहान विमानेही ये-जा करतात. त्यांच्यात डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात. प्रवासी शिडीपाशी पोहोचल्यावर कर्मचारी नम्रपणे सांगतो, "साहेब, ही बॅग खाली द्यावी लागेल." पाठीमागे रांग, वर ऊन किंवा पाऊस; प्रवासी गडबडीने बॅग देऊन मोकळा होतो आणि चारही सुट्या बॅटऱ्या तिच्यातच खाली जातात. यावर उपाय सोपा आहे. बॅटऱ्या, कार्डे व एक भिंगासह कॅमेरा अशी एक लहान झोळी मोठ्या बॅगेत सर्वांत वर ठेवावी. बॅग मागितली की झोळी खांद्यास लावावी व उरलेली बॅग सुपूर्द करावी.

आता वजनाकडे वळू. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या प्रवाशास साधारणतः एक हातबॅग व ७ किलो एवढी सवलत असते, आणि बॅगेची लांबी, रुंदी व उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. हा आकडा कागदावर भरपूर वाटतो. प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. दोन कॅमेरे प्रत्येकी पाऊण किलो, म्हणजे दीड किलो. नेहमीच्या वापराचे भिंग ८०० ग्रॅम. दूरचे टिपणारे मोठे भिंग दीड किलो. झोतदिवा ४०० ग्रॅम. बॅटऱ्या व चार्जर ६०० ग्रॅम. आणि स्वतः बॅग, जर चांगल्या अस्तराची असेल तर, २ किलो. बेरीज ६ किलो ८०० ग्रॅम. संगणक अजून यावयाचाच आहे! म्हणून जाणकार मंडळी जाड अस्तराची जड बॅग न घेता हलकी बॅग घेतात आणि भिंगे लोकरी बंडीत वा टॉवेलात गुंडाळतात. कोणी तर मोठ्या खिशांचा कोट घालून त्यातच दोन भिंगे वागवितात. त्यास प्रतिबंध नाही, दिसावयास मात्र ते थोडे विनोदी दिसते. संगणकाच्या स्वतंत्र पिशवीस मुभा आहे की नाही, हे कंपनीगणिक बदलते; तिकिटावरील अटी आदल्या दिवशी वाचाव्यात.

काय वर न्यावे आणि काय खाली द्यावे, हे वजनावरून नव्हे तर दोन प्रश्नांवरून ठरवावे: हे हरवले तर काम थांबेल काय? आणि हे पुन्हा मिळेल काय? कॅमेरा, मुख्य भिंग, बॅटऱ्या, कार्डे आणि मुद्रित झालेले सारे काही वर. तिकाटणे, दिव्यांचे स्टँड, छत्र्या, तारा, पान्हे व स्क्रूड्रायव्हर खाली. हत्यारे तर सुरक्षा तपासणीत अडविलीच जातात. तिकाटण्याचे डोके काढून ते कपड्यांत गुंडाळावे, नाहीतर आडव्या धक्क्याने त्याची मूठ वाकते.

नाइलाजाने कॅमेरा वा भिंग खालीच द्यावयाचे झाले, तर ते सामान किती हातांतून जाते हे डोळ्यांपुढे आणावे. तिकीट-खिडकीवरून पट्टा, पट्ट्यावरून वर्गवारी, तेथून गाडी, गाडीवरून पुन्हा पट्टा. बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या कमी उंचीच्या कक्षात माणूस गुडघ्यांवर बसून एकावर एक पेट्या रचतो. त्याला वेळ मोजका असतो. हेतुपुरस्सर कोणी आदळत नाही, पण पेटी उंबरठाभर उंचीवरून पडणार आणि तिच्यावर २० किलोची दुसरी येणार, हे गृहीत धरूनच ती भरावी. बाहेरून कठीण कवच आणि आतून फोम हवा. फोममध्ये प्रत्येक वस्तूस स्वतःचे घर कापावे व दोन वस्तूंमध्ये दोन बोटांची भिंत ठेवावी. भिंग कॅमेऱ्यापासून सोडवून ठेवावे, कारण जोडलेले राहिल्यास सारा धक्का जोडावरच्या धातूच्या कड्यावर येतो. लांबविलेले भिंग आखडून घ्यावे व दोन्ही बाजूंस झाकणे लावावीत. कॅमेऱ्यात बॅटरी असल्यास तो पूर्ण बंद असावा. सुटी बॅटरी तर खाली नाहीच. भरून झाल्यावर पेटी हळूच हलवून कान द्यावा. आत काही खुडबुडले तर ते विमानात आपटणारच. पेटीवर कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव मिरवू नये. ते चोरास दिलेले आमंत्रण ठरते. आपले नाव व संपर्क मात्र बाहेर आणि आतही असावा, कारण बाहेरची चिठ्ठी अनेकदा फाटते.

सुरक्षा तपासणीत कॅमेरा व भिंगे बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावयास सांगितले जाते. यात रागावण्यासारखे काही नाही. भिंगातील काचेचे जाड थर क्ष-किरणांच्या चित्रात गडद दिसतात आणि त्यांच्याआडचे कळत नाही. आपण चौकटीतून पलीकडे जाण्यास तयार होईपर्यंत ट्रे पुढे ढकलू नये, एवढे पथ्य पाळावे. क्ष-किरणांनी कॅमेऱ्यास वा कार्डावरील चित्रांस अपाय होत नाही. फिल्म वापरणारे हौशी लोक अजून आहेत आणि तरुणांत तर ती पुन्हा रुजते आहे. त्यांनी मात्र सावध असावे. खाली जाणाऱ्या सामानाचे क्ष-किरण तीव्र असतात व ते फिल्मवर पडछाया उमटवितात. परदेशातील अनेक विमानतळांवर हातसामानासाठीही बसविलेली नवी सीटी यंत्रे तशीच घातक आहेत. फिल्म पारदर्शक पिशवीत घालून ती हाताने तपासण्याची विनंती करावी.

कॅमेरा हाती असला म्हणजे तो वापरण्याचा मोह होतोच. दाबोळी हे नौदलाचे ठिकाण आहे, पुण्याचे लोहगाव आणि ग्वाल्हेरचे महाराजपुरा ही वायुदलाची. संरक्षण दलांच्या अशा विमानतळांवर धावपट्टीचे, उभ्या विमानांचे वा इमारतींचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे आणि खिडकीतून काढलेलेही त्यात येते. नातवाच्या पहिल्या विमानप्रवासाचे चित्र काढावयाचे असेल तर ते घरच्या अंगणात निघण्यापूर्वी काढावे.

गोव्याच्या बाबतीत विमान उतरल्यानंतरचा एक धोका इतर ठिकाणांहून अधिक आहे. विमानातील हवा कोरडी व थंड असते. तास-दोन तासांत भिंगाची काच त्याच थंडाव्यास येते. आषाढ-श्रावणात मोपाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच दमट हवा त्या थंड काचेवर दवासारखी जमते, बाहेरच नव्हे तर आतल्या थरांवरही. ओलावा आत राहिला तर काही आठवड्यांत काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती काढावयास भिंग उघडावे लागते. म्हणून विमानतळाच्या थंड इमारतीतच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, घरी पोहोचल्यावर तासभर तसाच ठेवावा व मग उघडावा. दव पिशवीवर बसते, कॅमेऱ्यावर नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते भिजले असे समजावे. ते मंद आचेवर पुन्हा सुकविता येतात. मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात ते कधीही सुकवू नयेत, कारण त्या निळ्या रंगातील कोबाल्टचा क्षार विषारी असतो.

इतकी काळजी घेऊनही सामान फुटले वा आलेच नाही, तर विमानतळाच्या बाहेर पडू नये. तेथील सामान-कक्षात तक्रार नोंदवून नोंदीची प्रत घ्यावी. भारत २००९ पासून माँट्रिअल कराराचा सदस्य आहे. या करारान्वये आंतरराष्ट्रीय प्रवासातील मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि विलंबाची २१ दिवसांत करावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशागणिक १,५१९ विशेष आहरण हक्क, म्हणजे सुमारे दोन हजार डॉलर, एवढी आहे. देशांतर्गत प्रवासासाठी २०१९ च्या प्रवासी सनदेत हीच मर्यादा २०,००० रुपये दिलेली होती. एका बऱ्या भिंगाची किंमत याहून कितीतरी अधिक असते! शिवाय बहुतेक कंपन्या आपल्या अटींतच सांगून टाकतात की, कॅमेरे व नाजूक वस्तू खाली देऊ नयेत. सामान देतेवेळीच अधिक मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय करारात आहे, पण तिची चौकशी फारच थोडे प्रवासी करतात. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, भरलेल्या पेटीचे छायाचित्र काढावे आणि बिलाची प्रत जवळ ठेवावी. परदेशी जाताना, निघण्याच्या वेळीच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक असतो आणि परतताना तो नवा आणला असे समजून शुल्क मागण्याचा प्रसंग येत नाही. परत आल्यावर हे प्रमाणपत्र मिळत नाही, हे अनेकांस तेव्हाच कळते.

परतीच्या प्रवासात कॅमेऱ्याचे मोल कमी आणि कार्डाचे अधिक झालेले असते. चित्रण संपल्या रात्रीच त्याची दुसरी प्रत करावी. एक प्रत कॅमेऱ्याच्या बॅगेत आणि दुसरीही त्याच बॅगेत, असे केल्यास त्या दोन प्रती न होता एकच होते. एक कार्ड अंगावरच्या खिशात असावे, दुसरी प्रत सहकाऱ्याकडे द्यावी. तो वेगळ्या विमानाने वा आगगाडीने येत असेल तर उत्तमच. एकट्याने प्रवास करणाऱ्याने दुसरी प्रत निघण्यापूर्वी स्पीड पोस्टाने आपल्या शाळेच्या वा कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावी. तिला पोहोचावयास चार दिवस लागले तरी चालतात. ती पोहोचून उघडून पाहिल्यावरच खिशातले कार्ड पुसावे.